जादाचा वेढा

१

सोमवारी सकाळी शिवयोगीनं आमच्या गेमच्या मशीनला हात लावला आणि मशीननं त्याचा हात धरून ठेवला. ओरडलाही नाही बिचारा. दात आवळून नुसता थरथरत उभा.

मी गल्ल्यावर बसून लिंबं कापत होते. "प्लग काढ," मी सुनेला म्हणाले. अंकिता माढ्याची. एरवी एक काम दोनदा सांगावं लागतं, पण त्या वेळी तिनं भिंतीतला प्लग असा उपटला की बोर्डच हातात यावा. मशीनची स्क्रीन काळी झाली, वर भिंतीवरच्या फोटोचा लाल दिवा विझला आणि शिवयोगी ओल्या फरशीवर आडवा झाला.

दिवा विझलेला मी पाहिला. मनात आलं, सेल संपले वाटतं. माणूस समोर पडलाय आणि बाईला सेल आठवतात. पण डोळ्यांना कोण सांगणार, ते दिसेल ते घेतात.

फोटो आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, चनबसप्पांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांच्या तोंडाशी हे कोल्ड्रिंकचं दुकान त्यांनीच घातलं आणि ते मशीनही त्यांनीच आणलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, वर स्क्रीन, खाली बटणं, त्याखाली नाणं टाकायचं पत्र्याचं दार. पाळी सुटली की यंत्रमागावरची माणसं सोडा पितात आणि त्यावर खेळतात. चाळिशीची माणसंसुद्धा. जुना काचेचा मॉनिटर मेला तेव्हा लाईटची कामं करणाऱ्या आसिफनं त्याजागी नवा चपटा बसवून दिला. त्याला महिनाही झाला नव्हता.

माझा मुलगा अनिलकुमार मागून धावत आला. त्यानं शिवयोगीला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजव्या हाताचा तळवा मात्र भाजला आणि बोटं वळेनात. विणकराचा उजवा हात. घरी बायको, दोन लेकरं, आणि कमावणारा हाच.

दुपारी त्याचा थोरला भाऊ तिप्पण्णा आला. तोही मागावरचाच. हातात कुलूप होतं. मशीनच्या मागच्या फळीला कडी आहे, तिला त्यानं आपलं कुलूप ठोकलं आणि किल्ली कनवटीला लावली.

"अक्का, तुमच्यावर माझा राग न्हाय," तो म्हणाला. "पर त्या आसिफला ह्याच्या आसपास फिरकू देऊ नका. मागं काय करून ठेवलंय ते पोलीसच बगतील. उद्या डॉक्टरचा कागद मिळाला की मी चौकीवर जातोय."

अनिलकुमार शेजारीच उभा होता. म्हणाला, "मी तर आधीच सांगत हुतो अव्वा, चांगल्या कंपनीचा माणूस बलवू. ह्या गल्लीतल्या मेकॅनिकचं काय खरं असतं व्हय?"

हे त्यानं कधी सांगितलं होतं, मला आठवेना. आणि माझ्या आठवणीला अजून कीड लागलेली नाही.

२

आसिफ संध्याकाळी आला तो उंबऱ्यावरच थांबला.

"आत ये की. तुला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं व्हय?"

"अम्मा, आत आलो तर म्हणतील, पुरावा बदलला."

शहाणा मुलगा. मी खुर्ची उंबऱ्यापाशी ओढली. त्याला लिंबू सोडा दिला, तो त्यानं नुसता धरून ठेवला. समोरच्या मोठ्या टॉवेल कारखान्याचं सगळं लाईटचं काम एक तारखेपासून त्याला मिळणार होतं. कारखान्याच्या मालकाचा फोन येऊन गेला होता: पोलिसात नाव लागलं तर येऊ नकोस. ह्याच कामाच्या भरवशावर फिरदोसला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्यानं बिड्या वळायचं बंद करायला लावलं होतं. तिच्या छातीत तंबाखूची धूळ बसली होती.

"मला हे सांग," मी म्हणाले, "तू आत काय केलंस? मला कळेल असं सांग. इंग्रजी नको."

"जुना मॉनिटर एकशेदहा व्होल्टवर चालायचा. भिंतीत येतं दोनशेतीस. म्हणून मशीनमधी खाली एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला हाय, तो करंट कमी करून मॉनिटरला द्यायचा. नवा मॉनिटर सरळ दोनशेतीसवर चालतो. लोक काय करतात, जुन्या मॉनिटरच्या वायरी कापून नव्याला पिळतात. मी न्हाय केलं तसं. मशीनच्या आत, फ्यूज आणि मेन बटणाच्या पुढं, एक तीन पिनचं सॉकेट स्क्रूनं बसवलं. मॉनिटरची कंपनीची कॉर्ड, न कापता, त्यात लावली. ट्रान्सफॉर्मरची उरलेली टोकं रबरी नळीत बंद केली."

"मग पत्र्यात करंट आला कुठून?"

"तेच तर. पत्र्याच्या दारापास्नं मी हिरवी वायर अर्थिंगला जोडलीय. आत कुटलीबी वायर सुटून पत्र्याला लागली, तर करंट त्या हिरवीतनं जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. सगळं तिथंच बंद. सिरीज बल्ब, म्हंजी तपासायचा बल्ब, लावून बगितलंय मी. अनिलभाऊ समोर हुते." त्यानं ग्लास खाली ठेवला. "अम्मा, माझी हिरवी वायर जाग्यावर असती तर फ्यूज उडाला असता. माणूस न्हाय."

"म्हणजे ती जाग्यावर नाही."

"न्हाय. आणि ती आपोआप सुटत न्हाय. ती पान्ह्यानं काढावी लागते."

३

पान्हा कुणी फिरवला असेल, याचा विचार करत मी बसले. मागची फळी तिप्पण्णानं कुलूप लावेपर्यंत उघडीच असायची. दुकानात दिवसभर पाच-पन्नास माणसं येतात, पण मशीनच्या मागं शिरणार कोण? तिथं सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट लागलेले. ते सरकवल्याशिवाय मागं जाता येत नाही, आणि मला दिसल्याशिवाय क्रेट सरकवता येत नाहीत. फक्त मी दुपारी घरी जेवायला जाते तेवढा वेळ सोडून.

त्या वेळी दुकानात कोण असतं? अनिलकुमार, अंकिता. आणि तिप्पण्णा. तिप्पण्णा रोज त्याच वेळी डबा खायला आमच्या बाकावर येतो.

तिप्पण्णाचं आणि आसिफचं मशीनवरूनच वाजलं होतं. शिवयोगी पाळी सुटल्यावर घरी न जाता मशीनला चिकटायचा. जुना मॉनिटर मेला तेव्हा तिप्पण्णानं पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आसिफनं नवा बसवला त्या दिवशी तो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कशाला जिवंत केलास रं ही अवदसा? माझ्या हातनं बंद पडंल एक दिवस." हे दहा जणांनी ऐकलं होतं. मीही.

अंकिताला मी कपबशा धुताना गाठलं. सुनेला प्रश्न विचारायचा तर तिचे हात गुंतलेले असावेत, म्हणजे ती विचार करून बोलत नाही.

"मशीन पुसतीस तेव्हा कधी काही झालं होतं?"

"मुंग्या यायच्या की हाताला. ओल्या फडक्यानं ते पत्र्याचं दार पुसलं की."

"मग बोललीस का नाहीस?"

"बोलले की ह्यांना. हे म्हणाले, पायात चप्पल घालून पुस."

"कधीपासून यायच्या?"

तिनं कप विसळता विसळता आठवून पाहिलं. "फ्यूज उडाला त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं बगा आत्या. आदी न्हवत्या."

"फ्यूज उडाला होता?"

"तुमी जेवायला गेलता. बंद पडलं मशीन. ह्यांनी नवा घातला, तो बी उडाला. मग ह्यांनीच काय ते नीट केलं. परत न्हाय उडाला."

ती कप विसळत राहिली. आपण काय बोललो ते तिला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र उलगडली. बाकीच्यांना शॉक का बसला नाही? सगळ्यांच्या पायात रबरी स्लिपर. शिवयोगी श्रावणातले सोमवार, आणि हा यंदाचा पहिलाच होता, अनवाणी करतो, सिद्धेश्वराच्या देवळापासून चालत येतो. भिजलेले पाय, नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी. देवाला जाऊन आला आणि मशीनला सापडला.

मी पुढं येऊन मालकांच्या फोटोकडं पाहिलं. श्रावण लागताना अनिलकुमारनं त्यावर तो लाल दिवा लावला होता. मीच मागं लागले होते, की तुझ्या बापाच्या फोटोला साधा एक दिवा नाही. त्यानं दुसऱ्याच दिवशी आणला. "सेलवर चालतो अव्वा, वायरीची कटकट न्हाय," म्हणाला. मी आल्यागेल्याला दाखवत होते, बघा, माझ्या लेकानं बापाला दिवा लावला.

फोटो तिथंच होता. दिवा नव्हता.

"दिवा कुठं गेला रे?"

"सेल संपलेत," अनिलकुमार मोबाइलमधनं मान न काढता म्हणाला. "नवीन टाकून आणतो."

४

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा कागद घेऊन तिप्पण्णा चौकीवर जायला निघाला, तेव्हा मी त्याच्या गाडीसमोर उभी राहिले.

"आधी मशीन उघड. सगळ्यांच्या देखत. मग जा."

"पोलीस उघडतील की अक्का."

"पोलिसांना त्यातलं काय कळणार? ते वायरी बघतील आणि चहा पिऊन जातील. उघड."

मी उघड म्हटलं की लोक उघडतात. आसिफला मी बोलावून घेतलं होतं; प्लग भिंतीपासून लांब पडलेला आहे हे त्यानं आधी सगळ्यांना दाखवलं. मग तिप्पण्णानं क्रेट सरकवले आणि कुलूप काढलं. अनिलकुमार म्हणाला, "मी जरा दवाखान्यात जाऊन येतो." मी म्हणाले, "शिवयोगी कुठं पळून जात नाही. थांब."

मोबाइलची बत्ती आत मारली. आसिफनं सांगितलेलं सॉकेट जागेवर होतं, स्क्रूनं घट्ट. ट्रान्सफॉर्मरची टोकं रबरी नळीत बंद. हिरवी वायर मात्र दारापासून काढून, गुंडाळून कोपऱ्यात सारलेली, आणि तिचा नट तळाला पडलेला.

आणि मॉनिटरची कॉर्ड, जी आसिफनं कापली नव्हती, ती मधोमध कापून परत जोडलेली. त्या जोडातनं आणखी एक बारीक लाल-पांढरी वायर वर निघाली होती. ती मशीनच्या डोक्यावरच्या हवेच्या फटीपर्यंत जाऊन तिथंच तुटली होती. जोडावर कागदाला लावतात ती चिकटपट्टी. गरम होऊन ती सुटली होती आणि तांब्याची उघडी गाठ दाराच्या पत्र्याला टेकलेली. तिथं पत्रा काळा पडला होता.

"हे माझं काम न्हाय," आसिफ हळूच म्हणाला. "वायर अशी कुणी जोडतं व्हय? आमी पिळतो, न्हायतर कनेक्टर लावतो. ही तर गाठ मारलीय."

तिप्पण्णानं डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माणूस रागीट, पण खोटा नाही.

"ही विणकराची गाठ हाय," तो म्हणाला. "तुटलेली तार सांधतो ती."

दुकानात तेव्हा विणकर एकच होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. अनिलकुमारनं तर सगळ्यांच्या आधी पाहिलं.

"माझ्या हातनं बंद पडंल, असं तूच म्हणला हुतास की रं तिप्पण्णा," तो म्हणाला.

५

आता मी आत वाकले. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात दोन माग होते. सासूबाई कांड्या भरायच्या आणि त्यांच्या शेजारी बसून मीही तेच शिकले. पातळाच्या काठाला आर्टसिल्कचा धागा असायचा. तो निसरडा, साधी गाठ मारली की सुटायची. म्हणून सासूबाई गाठ ओढण्याआधी एक वेढा जादा द्यायच्या. टॉवेलचं सूत खरबरीत, त्याला हा वेढा लागत नाही, म्हणून एमआयडीसीत तो कुणी देत नाही. तो आमच्या घराचा वेढा. सासूबाईंनी मला दिला, मी माझ्या मुलाला.

त्या तांब्याच्या गाठीला जादाचा वेढा होता.

तो ओळखणारी त्या दुकानात मी एकटी होते. मी सरळ उभी राहून पदर झटकला असता आणि काही बोलले नसते, तर तिप्पण्णा आणि आसिफ एकमेकांच्या अंगावर गेले असते आणि माझं घर कोरडं राहिलं असतं. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं नाही.

मी फुलपुड्याचा दोरा घेतला आणि तीन तुकडे केले. प्रत्येक तुकडा मधे तोडला.

"तिघांनी सांधून दाखवा."

आसिफनं दोन्ही टोकं एकत्र धरून एक फास मारला, पुडी बांधतात तसा. तिप्पण्णाच्या बोटांत दोरा दिसला न दिसला तोच गाठ तयार, बारीक, साध्या वेढ्याची. ती मी बाजूला ठेवली.

अनिलकुमार दोरा घेऊन उभाच.

"मला न्हाय येत," तो म्हणाला. "इसरलो. किती वर्षं झाली."

"मार बघू."

त्यानं टोकं एकावर एक टाकली, ओढली आणि मुद्दाम सुटू दिली. लहान असताना आंघोळीला न जाता गेलो म्हणायचा तेव्हाचाच तो चेहरा.

अंकिता मागून म्हणाली, "आवो, असं काय करताय? परवा भाजीच्या पिशवीचा बंद तुटला तवा मारलीत की."

"पिशवी आण," मी म्हणाले.

ती आणली. खुंटीवरच होती. बंदावरची गाठ मी तिप्पण्णाच्या हातात दिली आणि मशीनच्या आत बोट दाखवलं. त्यानं एकदा ही पाहिली, एकदा ती. त्याला समजवावं लागलं नाही. माझ्याकडं मात्र त्यानं पाहिलं, की बाई, तू हे स्वतःहून दाखवतीस?

"आता सेलचं सांग," मी मुलाला म्हणाले. "अंकितानं भिंतीतला प्लग उपटला तेव्हा तुझ्या बापाचा दिवा विझला. मी डोळ्यांनी पाहिलं. सेलवरचा दिवा प्लग काढल्यावर कसा विझतो?"

तो हातातला दोरा बोटाला गुंडाळायला लागला.

"तू मॉनिटरच्या वायरीतनं दिव्याला लाईन ओढलीस. मी घरी जेवत असताना. पट्टी सुटून गाठ पत्र्याला लागली आणि फ्यूज उडाला. आसिफनं सांगितलं होतं तसंच झालं, त्याच्या कामानं तुला सावध केलं. तू दुसरा फ्यूज घातलास, तोही उडाला. मग तुला कुणीतरी शहाण्यानं सांगितलं असणार."

"मंडळातला डेकोरेशनवाला म्हणला," अनिलकुमार जमिनीकडं बघत म्हणाला. "हिरवी काढ, मग फ्यूज उडत न्हाय."

"न्हायच उडणार," आसिफ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "वाट बंद केल्यावर कुटनं उडंल? मला एक फोन करायचा अनिलभाऊ. चप्पल बी न घालता आलो असतो."

"तू म्हणला हुतास, ह्यातनं दुसरं कायबी जोडायचं न्हाय. मग कशाला ऐकून घ्यायचं तुझं? दिव्यासाठी?"

"आणि काल दवाखान्यातनं आल्यावर दिवा काढलास," मी म्हणाले. "बाहेरची वायर कापलीस. आतली कापता आली नाही, तिप्पण्णाचं कुलूप होतं. ते नसतं तर हिरवी परत लावून तू मोकळा झाला असतास आणि आसिफ आत गेला असता."

त्यानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "अव्वा, तुझ्यासाठीच लावला हुता दिवा."

"दिवा माझ्यासाठी लावलास. खोटं कुणासाठी बोललास?"

६

तिप्पण्णा डॉक्टरचा कागद हातात धरून उभा होता. त्याला काय करावं ते कळेना. माझा सोडा तो पंधरा वर्षं पितोय.

"कुणाचं नाव सांगू, अक्का?"

"अनिलकुमार चनबसप्पा. पूर्ण सांग, अर्धवट नको. आणि तो तुझ्या गाडीवर मागं बसेल, म्हणजे पोलिसांना पत्ता शोधायला नको."

अंकिता रडायला लागली. मी तिला क्रेट जागेवर लावायला सांगितले.

चौकीत नोंद झाली आणि जबाब घेऊन अनिलकुमारला घरी सोडलं. त्याचं पुढं काय व्हायचं ते होईल, मी कुणाच्या पाया पडायला गेले नाही. मी गेले टॉवेल कारखान्याच्या मालकाकडं. केबिनमध्ये बसले आणि सांगितलं, की चूक माझ्या घराची आहे, आसिफची वायर जागेवर असती तर शिवयोगी आज तुमच्याच मागावर उभा असता. मालक म्हणाले, मावशी, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, फोनवर तुम्ही त्याला काढलंत, म्हणून मी चालत आले. एक तारखेला आसिफ कामावर गेला.

शिवयोगीला भेटायला गेले तेव्हा त्यानं एकच विचारलं. "माज्या मागावर कोण उभा हाय?" जागा रिकामी राहिली की मुकादम दुसरा माणूस घेतो, आणि घेतलेला माणूस मग हलत नाही.

"अनिलकुमार," मी म्हणाले. "तुझा हात बरा होईपर्यंत. पगाराचा हप्ता तुझ्या घरी येईल."

तो हसला. भाजलेला हात उशीवर तसाच. "त्याला जमतंय व्हय?"

जमतंय. पहिले काही दिवस मुकादम ओरडायचा, की ह्याच्या गाठी जाड येतात, टॉवेलच्या सुताला कुणी जादा वेढा देतं का. तिप्पण्णा शेजारच्या मागावर असतो, तो काही बोलत नाही, नुसता आपली गाठ दाखवतो.

मशीन परत सुरू झालं. आसिफनं नवी कॉर्ड घातली, हिरवी वायर जागेवर कसली आणि सिरीज बल्ब लावून मला दाखवलं. जाताना फोटोकडं पाहून म्हणाला, "अम्मा, दिव्याला वेगळी लाईन ओढून देऊ? नीट, पाईपातनं?"

"नको. आमच्या मालकांना अंधारातही दिसायचं."

संध्याकाळी पाळी सुटल्यावर अनिलकुमार दुकानात आला. केसांत सूत, बोटांना चिरा. मी सोडा पुढं केला, त्यानं मुकाट्यानं घेतला. गाठी अजून जाडच येतात, म्हणाला. मी म्हणाले, येऊ देत. तिथं गाठ चुकली तर नुसतं टॉवेलला भोक पडतं.